बाळाच्या मेंदूला आवर कसा येतो

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना दोन तऱ्हेचे निरोप देतात. एका निरोपाने समोरची पेशी चेतते, दुसऱ्याने ती गप्प होते. पहिल्या प्रकारच्या जोडणीला उद्दीपक म्हणतात, दुसरीला निरोधी. मेंदूच्या बाह्य कवचात निरोधी पेशी अल्पसंख्य असतात, साधारण पाचांत एक. पण त्यांच्यावाचून मेंदूचे घटकाभरही भागत नाही. गोंगाटात एकच आवाज ऐकायचा तर बाकीचे दाबावे लागतात. एका जागची खळबळ साऱ्या मेंदूभर पसरू नये म्हणून तर क्षणोक्षणी आवर लागतो. तो सुटला की आकडी येते.

सस्तन प्राण्यांचे पिल्लू जन्मते तेव्हा ही आवरणारी यंत्रणा अर्धीमुर्धीच तयार असते. इतकेच असते तर त्यात नवल नव्हते. नवजात बाळाचे दातही तयार नसतात. पण मोठ्यांच्या मेंदूत जे रसायन पेशींना गप्प करते, तेच रसायन कोवळ्या मेंदूतील पुष्कळ पेशींना चेतवते. ही उलटापालट का होते, कधी संपते आणि ती बिनसली तर काय होते, हे गेल्या चार दशकांत हळूहळू उलगडले. काही धागे अजून गुंतलेलेच आहेत.

या रसायनाचे नाव गाबा. पूर्ण नाव गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल. ते मेंदूत आहे हे १९५० साली अमेरिकेत यूजीन रॉबर्ट्स आणि होर्हे आवापारा यांनी स्वतंत्रपणे जाहीर केले. ते तिथे नेमके करते काय, हे पक्के व्हायला आणखी दीड दशक लागले, आणि पुरावा मिळाला तो शेवंडीत. वसई तालुक्यातल्या अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळणी विकतात त्या शेवंडीच्या, अटलांटिकमधल्या लांबच्या नातलगात, स्नायूला चेतवणारा तंतू वेगळा आणि त्याला गप्प करणारा वेगळा असतो, आणि दोन्ही सुटे करून तपासता येतात. हार्वर्डमध्ये एडवर्ड क्रॅव्हिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली दाखवले की निरोधी तंतूला विजेचा धक्का दिला की त्याच्या टोकातून गाबा झिरपते. उद्दीपक तंतूला दिला तर झिरपत नाही.

गाबा बनते ग्लुटामेटपासून, आणि ग्लुटामेट हे तर मेंदूचे प्रमुख उद्दीपक रसायन. एक विकर त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, तेवढ्यानेच चेतवणाऱ्याचे आवरणारे होते. या विकराचे काम ब-६ जीवनसत्त्वावाचून चालत नाही. याची जाणीव वैद्यकाला एका दुर्घटनेने झाली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डब्यातले पातळ दूध पिणाऱ्या काही तान्ह्या बाळांना आकड्या येऊ लागल्या. निर्जंतुक करताना दिलेल्या उष्णतेने त्या दुधातले ब-६ नाहीसे झाले होते. जीवनसत्त्व दिल्यावर आकड्या थांबल्या. जन्मजात दोषामुळे ब-६ची कायमची नड असलेली बाळेही असतात. म्हणून आजही नवजात बाळाच्या आकड्या नेहमीच्या औषधांना दाद देत नसतील तर बालरोगतज्ज्ञ ब-६ देऊन पाहतात.

बहुतेक निरोधी पेशींचा जन्म कवचात होत नाही, हे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नीटसे ठाऊक नव्हते. कवचातल्या पेशी त्याच्याच तळाच्या थरात जन्मतात आणि सरळ वर चढतात, असा समज होता. उद्दीपक पेशींच्या बाबतीत तो खराही आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोमधील जॉन रुबेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दाखवले की उंदराच्या कवचातील बहुतेक निरोधी पेशी मेंदूच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यांत जन्मतात आणि तिथून आडव्या सरकत कवचात येतात. डीएलएक्स-१ आणि डीएलएक्स-२ ही दोन जनुके नसलेल्या पिल्लांत हा प्रवासच होत नाही आणि कवचात निरोधी पेशी फारच थोड्या पोचतात. माणसात तर हा प्रवास जन्मानंतरही चालू असतो. त्याच शहरातील मर्सिडीज परेडेस आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळाच्या पहिल्या काही महिन्यांत कोवळ्या पेशी मोठ्या संख्येने कपाळामागच्या भागाकडे सरकताना आढळल्या, आणि त्यांतल्या बहुतेक पुढे निरोधी पेशी होणाऱ्या होत्या. घरात पाचवी पुजली जाते, बारसे होते, तेव्हा बाळाच्या मेंदूतील आवरणाऱ्या पेशींपैकी कित्येक वाटेतच असतात.

मुक्कामाला पोचलेल्या पेशी जोडण्या करतात त्या मात्र वाटेल तिथे नव्हे. टोपली पेशी नावाचा प्रकार समोरच्या पेशीच्या धडाभोवती तंतूंचे वेष्टण घालतो. झुंबर पेशी, जिला हंगेरीच्या यानोश सेंटागोथाय यांनी तिच्या आकारावरून हे नाव दिले, नेमकी तिथे जाऊन बसते जिथून समोरच्या पेशीचा निरोप बाहेर पडायला सुरुवात होते. आणखी एक प्रकार दूरच्या शाखांवर पकड घेतो. नवजात पिल्लात ही सफाई नसते. सुरुवातीला तर धड जोडण्याही नसतात. गाबा पेशीबाहेर नुसते पसरलेले असते आणि पेशी ते टिपतात. मग जोडण्या होऊ लागतात, आणि त्यांतही गाबाच्या जोडण्या आधी होतात. उंदराच्या नवजात पिल्लांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागात फ्रेंच संशोधकांनी एकेक पेशी तपासली तेव्हा बहुतेक पेशींना जन्मदिवशी एकही जोडणी नव्हती. ज्यांना एकाच प्रकारची जोडणी होती, त्यांची ती गाबाचीच निघाली. पेशीला आवरणारा हात चेतवणाऱ्या हाताच्या आधी पोचतो. हे विचित्र वाटते, पण त्या वयात तो हात आवरत नसतो हे लक्षात घेतले की उलगडा होतो.

त्याचे कारण मिठात आहे. गाबा पेशीवर बसले की पेशीच्या आवरणातले एक दार उघडते आणि त्यातून क्लोराइड ये-जा करू शकते. मीठ ज्या सोडियम आणि क्लोराइडचे बनलेले असते, त्यांतले हे ऋणभारित क्लोराइड. मोठ्यांच्या मेंदूत पेशीच्या आत क्लोराइड कमी असते. दार उघडताच ते बाहेरून आत शिरते, पेशीचे अंतरंग अधिक ऋण होते आणि पेशी गप्प बसते. कोवळ्या पेशीत आतच क्लोराइड जास्त असते. दार तेच, गाबाही तेच, पण क्लोराइड आतून बाहेर निघते. पेशीचा ऋणभार कमी होतो आणि ती चेतण्याच्या बेताला येते. रसायनाचा गुणधर्म बदललेला नसतो, पेशीच्या आतली क्लोराइडची पातळी बदललेली असते.

ही पातळी दोन प्रथिने ठरवतात. एनकेसीसी-१ क्लोराइड आत ओढते, केसीसी-२ ते बाहेर टाकते. बाल्यात पहिले जोरात असते, दुसरे जवळजवळ नसते. केसीसी-२ वाढले की गाबाचा स्वभाव पालटतो, हे फिनलंडमधील काय काइला यांच्या गटाने १९९९ साली सिद्ध केले. पॅरिसमध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या दहा वर्षे आधी, १९८९ साली, कोवळ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये गाबाने पेशी चेतताना पाहिल्या होत्या. काइला यांच्या कामाने त्या निरीक्षणाला यंत्रणा मिळाली. उंदरात ही पालट जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते. माणसात ती गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत सुरू होऊन पहिल्या वर्षात पुरी होत असावी, असे मेंदूच्या ऊतींच्या तपासणीवरून दिसते. उंदराचे पिल्लू डोळे मिटलेले, माणसाच्या मानाने पुष्कळच अपुरे जन्मते. म्हणून उंदराचा आठवडा आणि माणसाचा आठवडा एका मापाने मोजता येत नाही. वर्तमानपत्री बातम्यांत हे भान बहुधा सुटलेले असते.

या काळात गाबाने पेशी चेतवण्याचा उपयोग असतो. चेतलेल्या पेशीत कॅल्शियम शिरते आणि त्याच्या इशाऱ्यावर पेशी शाखा वाढवते, जोडण्या करते. उंदरांत केसीसी-२ मुद्दाम वेळेआधी वाढवून गाबाला लवकर आवरायला लावले, तर पेशींच्या शाखा खुरट्या राहिल्या. आवर लवकर येणे ही येथे प्रगती ठरत नाही.

मात्र ‘नवजात मेंदूत गाबा चेतवते’ हे सूत्र सरसकट लावण्याचीही सोय नाही. सुरुवातीचे बरेचसे प्रयोग मेंदूच्या कापांवर, बशीत झाले होते. जिवंत पिल्लांत मोजणी शक्य झाल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. २०१५ साली जर्मनीतील संशोधकांनी उंदराच्या पिल्लांच्या दृष्टिकवचात पाहिले की गाबा एकेका पेशीला चेतण्याच्या बाजूला ढकलते, तरी सगळ्या जाळ्याची हालचाल कमीच करते. कारण दार उघडे असताना दुसरीकडून आलेला विजेचा संकेत त्यातून गळून जातो. २०२०मध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र, जिवंत पिल्लातही, ते पहिल्या दिवसांत खरोखर चेतवते असे आढळले. म्हणजे मेंदूच्या भागाभागाचे वेळापत्रक वेगळे आहे. प्रसूतीच्या वेळी आईच्या शरीरात वाढणारे ऑक्सिटोसिन उंदराच्या पिल्लात काही तासांपुरती ही पालट घडवून मेंदूचे रक्षण करते, असा एक आकर्षक निष्कर्ष २००६ साली आला. त्यावर अजून वाद आहे.

अर्धवट आवरलेल्या या जाळ्यात मधूनमधून मोठ्या लाटा उठतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदू-आलेखात त्या स्पष्ट दिसतात, आणि पुष्कळदा त्यांचे मूळ बाळाच्या स्वतःच्याच हालचालीत असते. झोपेत हात किंवा पाय उडतो, त्याची संवेदना मेंदूकडे जाते आणि मेंदूतील त्या अवयवाच्या भागात एक लाट फुटते. उंदराच्या पिल्लांतही असेच घडते. झोपेतल्या या उडण्यातून मेंदू आपल्या शरीराचा नकाशा रेखत असतो. आजीबाई म्हणतात तसे बाळ काही भीतीने दचकत नसते.

पहिल्या दिवसांतली ही चेतना हवी तेवढीच असावी लागते. याचा एक ठळक पुरावा मुंबईतला आहे. विरारहून चर्चगेटला जाणारी लोकल जिथे थांबते, त्याच्याही पुढे कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी जनुकीय बदल करून असे उंदीर घेतले की एक विशिष्ट औषध पोटात गेले की त्यांच्या पुढच्या मेंदूतल्या उद्दीपक पेशी जास्त चेताव्यात. जन्मानंतर दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पिल्लांना ते औषध दिले आणि मग थांबवले. ही पिल्ले मोठी झाल्यावर अधिक भित्री निघाली. मोकळ्या जागेत जायला कचरत आणि अवघड प्रसंगात लवकर हातपाय गाळत. औषध बंद होऊन कित्येक महिने झाले तरी हा स्वभाव टिकला. तेच औषध थोड्या मोठ्या किंवा प्रौढ उंदरांना तितकेच दिवस दिले, तेव्हा असा परिणाम झाला नाही. ते दोन आठवडे आणि गाबाच्या पालटीचे दोन आठवडे जवळपास एकच आहेत. प्रयोग उद्दीपक पेशींवर होता, निरोधी पेशींवर नव्हे. तरी आवर आणि चेतना यांचा तोल त्या वयात ढळला तर त्याची खूण आयुष्यभर राहू शकते, हे त्यातून दिसते. बालपणीचा ताण मोठेपणीच्या मनःस्थितीत कसा उतरतो, हा या प्रयोगशाळेचा जुना विषय आहे. वैद्य यांना २०२२चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. 

पालट पुरी होत असतानाच मेंदू निरोधी पेशींची छाटणी करतो. उंदरात जन्मलेल्या अशा पेशींपैकी सुमारे चाळीस टक्के पहिल्या दोन आठवड्यांत मरून जातात. कोणत्या वाचतात, हे शेजारच्या उद्दीपक पेशी किती चेतलेल्या आहेत यावरही ठरते, असे लंडनमधील ऑस्कर मारीन यांच्या गटाने २०१८ साली दाखवले. उरलेल्या पेशी मग पक्क्या होतात, आणि त्या पक्क्या होण्यावर शिकण्याचे वेळापत्रक अवलंबून असते. एका डोळ्याने दिसत नसलेल्या मांजराच्या पिल्लात मेंदू त्या डोळ्याचा हिस्सा काही आठवड्यांत दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकतो, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टोर्स्टन वीझेल यांनी १९६०च्या दशकात शोधले; त्यांना १९८१ साली नोबेल मिळाले. मेंदू असा बदलू शकतो ती मुदत उघडते कशाने, याचे उत्तर ताकाओ हेन्श यांनी १९९८ साली दिले. गाबा पुरेसे न बनवणाऱ्या उंदरांत ती मुदत उघडतच नाही. गाबाचा परिणाम वाढवणारे डायझेपाम दिले की उघडते.

जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत करावी, असा नेत्रतज्ज्ञांचा आग्रह असतो तो या मुदतीमुळेच. उशिरा भिंग बदलले तर डोळा सुधारतो, मेंदू मागेच राहतो. असे दोष वेळीच हुडकण्याशी पालघरचा थेट संबंध आहे. बालकांमधील जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि विकासातील दिरंगाई लवकर हुडकणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशात सर्वप्रथम सुरू झाला तो पालघरमध्येच. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि वसई तालुका त्यात आला. जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा आणि आकड्या हे तिन्ही या कार्यक्रमाच्या यादीत आहेत.

आकडीचा धोका आयुष्यात सर्वांत जास्त असतो तो पहिल्या महिन्यात, आणि वरच्या साऱ्या शास्त्राची खरी कसोटी तिथेच लागते. बहुतेक वेळा मूळ कारण जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणे हे असते. त्याखालोखाल रक्तातली साखर किंवा कॅल्शियम घसरणे, संसर्ग, मेंदूतला रक्तस्राव. पहिले औषध अजूनही फेनोबार्बिटोन, जे १९१२पासून वापरात आहे आणि गाबाचाच परिणाम वाढवते. गाबा चेतवत असेल तर हे औषध उपयोगी पडेल कसे, हा प्रश्न साहजिक होता. १९९९च्या एका चाचणीत फेनोबार्बिटोनने ४३ टक्के बाळांच्या आकड्या आटोक्यात आल्या, फेनिटॉइन या दुसऱ्या औषधाने ४५ टक्के. दोन्ही निम्म्याहून कमी. कधी कधी तर हातपायांचे झटके थांबतात आणि मेंदू-आलेखात आकडी चालूच राहते. मग एनकेसीसी-१ अडवणाऱ्या ब्युमेटानाइड या लघवीच्या जुन्या औषधाकडे आशेने पाहिले गेले. युरोपातील चाचणी परिणाम न दिसल्याने आणि काही बाळांच्या श्रवणात दोष आढळल्याने थांबवावी लागली. निष्कर्ष २०१५ साली आले. पुढे अमेरिकेतील एका लहान चाचणीत थोडा गुण दिसला, पण औषध रूढ झाले नाही. २०२०च्या चाचणीत लेव्हेटिरासिटाम या नव्या औषधापुढे जुने फेनोबार्बिटोनच सरस ठरले: चोवीस तास आकडीमुक्त राहिलेली बाळे २८ टक्क्यांविरुद्ध ८० टक्के. उंदरांवर उभारलेला सिद्धान्त कितीही देखणा असला तरी बाळांच्या खाटेशी तो तसाच्या तसा लागू होत नाही, हे पुन्हा पुन्हा दिसले आहे.

प्राणवायू कमी पडलेल्या बाळाला थंड करून मेंदू वाचवण्याच्या उपायाचेही तेच झाले. श्रीमंत देशांत तो मान्य आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवरच्या चाचणीत, जिच्यात मुंबईचे शीव रुग्णालयही होते, थंड केलेल्या बाळांत ४२ टक्के दगावली, न केलेल्यांत ३१ टक्के. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याउलट गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने १९९३नंतर जे केले ते साधे होते: गावातल्याच बाईला शिकवून तिच्या हातून घरोघरी नवजातांची काळजी, श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी-मुखवट्याने हवा, संसर्गावर वेळीच औषध. तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशा सेविका बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, ती याच कामातून उभी राहिलेली पद्धत आहे. पालघर जिल्ह्यातल्या वसई-विरारच्या उंच इमारतींतही अशा भेटी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांइतक्याच गंभीरपणे घ्यायला हव्यात.

लहान शस्त्रक्रियेसाठी बाळाला भूल द्यावी लागली की पालक धास्तावतात, कारण भुलीची बरीच औषधे गाबावरच काम करतात आणि उंदरांच्या पिल्लांत त्यांच्यामुळे पेशी मेलेल्या दिसल्या आहेत. मात्र तान्ह्या बाळांवरच्या एका मोठ्या चाचणीत एका तासाहून कमी वेळच्या एकाच भुलीने पाचव्या वर्षापर्यंत बुद्धीवर फरक आढळला नाही.

घरच्यांना बाळाचे साधे थरथरणे आणि आकडी यांतला भेद बराचसा ओळखता येतो. झोपेत उडणारा किंवा थरथरणारा हात अलगद धरला की साधी थरथर थांबते. आकडीचा झटका धरूनही चालूच राहतो. डोळे एका बाजूला खिळणे, तोंडाची सतत चोखल्यासारखी हालचाल, पाय सायकल चालवल्यासारखे फिरणे, श्वास मध्येच थांबून ओठ निळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर ते आकडीचे लक्षण असू शकते. अशा वेळी बाळाला कुशीवर ठेवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, जमल्यास दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रण करावे आणि १०८ला फोन करून नवजात कक्ष असलेले रुग्णालय गाठावे. चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडते, कारण बाळ तिथे पोचेपर्यंत झटका बहुधा थांबलेला असतो.